मागच्या खोलीतली वेबसाइट

ये, अशी जवळ येऊन बस. तिकडं दाराशी पाहुण्यासारखी काय बसलीस? आणि आधी कान दे इकडं, पिरगाळायचाय. मागं लग्नाच्या पंगतीत दहा माणसांत म्हणालीस, "आमच्या आत्यांनी म्हणे बारामतीत घरी वेब सर्व्हर चालवला होता, तोही डायल-अपवर!" आणि त्यावर जी हसत सुटलीस ती जिलेबी संपेपर्यंत. पुण्यात कंपनीत इंजिनिअर झालीस म्हणून आत्याला हसायचं का गं? हसावं की. पण पुरतं ऐकून हसावं. अर्धवट ऐकून हसलं की त्यातला खरा मूर्खपणा हातचा निसटतो, आणि माझा मूर्खपणा तर चांगला भरीव होता.

तर मधू, या दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडं कामाच्या आठवणी मागितल्यात. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. मग तूच समोर बसली आहेस असं धरून चालते. मध्ये बोलू नकोस.

माझा क्लास तुला आठवत असेल. पुढं पत्र्याची शेड, त्यात सहा मशीनं, भिंतीवर 'चपला बाहेर काढाव्यात'. आधी टायपिंगचा क्लास होता, त्याचा कॉम्प्युटरचा झाला. मला कुणी शिकवलं नाही. मशीन बिघडलं की उघडायचं, फुंकर मारायची, परत लावायचं. सुरू झालं तर मुलांना सांगायचं की 'कार्ड लूज होतं'. नाही झालं तरी तेच सांगायचं, फक्त जरा गंभीर चेहऱ्यानं. अशा फुंकरीवर मी कितीतरी वर्षं बारामतीत 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणून मिरवले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी सुप्याहून एक गृहस्थ आले. डोक्याला मुंडासं, हातात खताची रिकामी पिशवी, तिच्यात वह्या. दारातच चप्पल काढून म्हणाले, "हितं वह्या कॉम्प्युटरात घालत्यात का?"

हे आमचे तात्या. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, पण माळावर हिंडायची सवय काही गेली नाही. सुप्याजवळच्या अभयारण्यात चिंकारा हरणं आहेत. तात्या दहा वर्षं रोज पाणवठ्यावर जाऊन बसत आणि कुठलं हरीण कधी आलं, पाणी होतं का, किती होतं, ते शाळेच्या वहीत लिहून ठेवत. सांगितलं कुणी नव्हतं आणि वाचायलाही कुणी नव्हतं. गावात त्यांना 'हरणांचे तलाठी' म्हणत.

पण त्या वर्षी बंगलोरहून एक डॉक्टरबाई तिकडं येऊन गेल्या होत्या. डॉक्टर म्हणजे औषध देणाऱ्या नव्हेत, जनावरांचा अभ्यास करणाऱ्या. मूळच्या आपल्या नागपूरकडच्या, म्हणून मराठी वाचत. उन्हाळ्यात कोरड्या माळांवर जनावरांसाठी पाणी भरायचं, असं त्यांचं काम होतं, आणि त्या वर्षी दोनच जागा घेता येणार होत्या. जिथली नोंद भरवशाची ती जागा घ्यायची, असं ठरलं होतं. तात्यांनी वह्यांचं सांगितलं तर बाई म्हणाल्या, "पोस्टानं पाठवू नका, हरवतील. कुणाकडून इंटरनेटवर टाकून घ्या, मी बघते. फुकट जागा देणाऱ्या कंपन्या असतात, तिथं ठेवा."

हे शेवटचं वाक्य तात्यांनी मला नीट सांगितलं होतं. ते मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. म्हटलं, "परक्याच्या घरी आपली पेटी कशाला ठेवायची? मी माझ्याच घरात वेबसाइट करते."

तात्या म्हणाले, "घरात मावंल का?"

"मावेल की! मागच्या खोलीत मोठं मशीन आहे."

मी एका मासिकात वाचलं होतं की साध्या विंडोजच्या मशीनवरही वेब सर्व्हर चालतो. एवढंच वाचलं होतं. पुढचं पान भजी बांधण्यात गेलं होतं.

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून स्कॅनर मागून आणला. पहिली वही पानापानानं आत घातली, कारण तेव्हा मराठी अक्षर बाहेरच्या मशीनवर उमटेलच याची खात्री नसे. त्यापेक्षा वहीचा फोटोच बरा. पंधरा दिवस गेले. मग मागच्या मशीनवर वेबसाइट सुरू केली आणि पुढच्या शेडमधल्या मशीनवर तिचा आकडा टाइप केला, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, दोन. आणि काय सांगू, तात्यांची वही उघडली! सहाच्या सहा मशीनवर उघडली. मी मुलांना पेढे वाटले. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी पेंटरला बोलावून दारावरच्या पाटीत लिहून घेतलं, 'आमची वेबसाइट', आणि खाली तो आकडा, लाल रंगात. डॉक्टरबाईंनाही तोच कळवला. रविवारी सकाळी दहाला त्या बघणार होत्या.

हसलीस ना? तुला कळलं. बाकीच्यांसाठी सांगते. हा जो १९२.१६८ चा आकडा असतो तो घरातल्या घरात मशीनं एकमेकांना हाक मारतात तेव्हाचा. म्हणजे आपण म्हणतो ना, 'मधल्या खोलीत ठेवलंय'. घरातल्याला बरोबर कळतं. पण पाकिटावर पत्ता म्हणून 'मधली खोली' एवढंच लिहिलं तर पोस्टमननं जायचं कुठं? गावात घरटी एक मधली खोली असते. मी सबंध दुनियेला मधल्या खोलीत बोलावलं होतं आणि वर पाटी रंगवली होती.

त्या रविवारी तात्या पहाटेच्या एसटीनं आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. दहा वाजले, साडेदहा वाजले. मग फोन आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही उघडत नाहीये."

मी, अकरावी शिकलेली, बंगलोरच्या डॉक्टरबाईंना काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल. बंद करून परत सुरू करा." बिचाऱ्यांनी तीनदा केलं. शेवटी म्हणाल्या, "असू दे. पुढच्या रविवारी शेवटचं बघते. सोमवारी आमची बैठक आहे, त्यानंतर मला काही करता येणार नाही."

तात्यांनी विचारलं, "दिसलं का त्यास्नी?"

"पुढच्या रविवारी दिसेल."

"बरं," म्हणाले, आणि टोपी काढून पिशवीत घातली.

आता हा आठवडा ऐक. इंदापूरला माझा धाकटा भाऊ आप्पा. तुझा आप्पाकाका गं. तेव्हा त्याचं दुकान होतं, एका बाजूला एसटीडी बूथ, दुसऱ्या बाजूला 'कॉम्प्युटरवर पत्रिका काढून मिळेल'. गावात त्याच्याकडंच इंटरनेट, तेही बूथपेक्षा वेगळ्या लाइनवर. बाहेरून उघडतंय का हे बघायला मला बाहेरचा माणूस हवा होता, तो हा. सोमवारी त्याला आकडा दिला.

थोड्या वेळानं त्याचा फोन. "आक्का, अगं हा नंबर तर माझ्याच दुकानातल्या मशीनचा हाय."

"असं कसं? माझा आहे तो."

"तुझा बी हाय आन माझा बी हाय. मशीनवाल्यानं बसवतानाच घातलाय. तू काय माझ्या दुकानाची पाटी लावलीस व्हय दारात?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी मी स्वतः खुर्चीवर चढून पाटीवरचा आकडा रॉकेलनं पुसला. लाल रंग, जाता जात नव्हता. येणारे-जाणारे विचारायचे, "बाई, क्लास बंद करताय का?"

मग शोधलं की बाहेरचा खरा आकडा वेगळा असतो. फोन लावून इंटरनेट जोडलं की पलीकडची कंपनी तेवढ्यापुरता एक आकडा देते. तोडलं की तो गेला, पुन्हा जोडलं की नवा. धर्मशाळेतल्या खोलीसारखं, आज सात नंबर, उद्या अकरा. ठीक आहे म्हटलं, जोडायचं, आकडा बघायचा आणि फोन करून आप्पाला सांगायचा. पण फोन कसा करणार? एकुलता एक फोन इंटरनेटनं धरून ठेवलेला! तर जोडायचं, आकडा पाटीवर खडूनं लिहायचा, पाटी घेऊन रस्त्यापलीकडं औषधाच्या दुकानात पळायचं, तिथून इंदापूर लावायचं. पन्नाशीला टेकलेली बाई, हातात पहिलीच्या पोरासारखी पाटी, समोरून उसाचा ट्रॅक्टर. आणि पोचून आकडा सांगेपर्यंत इकडं लाइन तुटलेली.

लाइन तोडणारे आमचे आबा. माझे सासरे. आमचा फोन म्हणजे सगळ्या आळीचा पी.पी. नंबर. तुम्हाला आता हे माहीत नाही. ज्यांच्याकडं फोन नव्हता ते आपल्या पाव्हण्यांना शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढं 'पी.पी.' लिहायचे. फोन आला की शेजाऱ्यानं जाऊन हाक मारायची. पुढच्या-मागच्या आळीतली अकरा घरं आमच्या नंबरावर होती आणि आबा त्यांचे मुखत्यार. फोनपाशी खुर्ची टाकून बसत. म्हणूनच तो फोन ओटीवरून हलवू देत नसत, आणि म्हणूनच इंटरनेटचं मशीन ओटीवर आणि वेबसाइटचं मशीन मागच्या खोलीत, मध्ये माळ्यावरून नेलेली काळी जाड वायर. दर दहा मिनिटांनी आबा रिसीव्हर उचलून बघत, फोन जिवंत आहे का. उचलला की आत इंटरनेटची किरकिर ऐकू येई, आबा "बिघडला वाटतं" म्हणून दोन-तीनदा आपटत, आणि माझा आकडा गेला.

"आबा, हात लावू नका हो!"

"मग कळायचं कसं? कदमाच्या जावयाचा फोन यायचाय."

"तासाभरानं येईल."

"यायचा तो आत्ताच येतो, तू तुझं भूत उतरव आधी त्याच्यातलं."

बुधवारी आबांना शेताकडं धाडलं, लाइन टिकली, आप्पानं खरा आकडा खरोखर टाइप केला. तरीही काही नाही. गुरुवारी तसंच. मी काय काय केलं ते ऐक. वायरच्या टोकाला एक टोपी असते ती बदलली. मशीनमध्ये विंडोज परत भरलं. वेबसाइट काढून परत बसवली. फुंकरी तर इतक्या मारल्या की गरगरायला लागलं. घरात बसून उघडावं तर वही लख्ख दिसे. बाहेरून आप्पाला पांढरा पडदा.

"आक्का, तुझी वेबसाइट न्हाय दिसत, पण तुझ्या पत्रिकेत शनी मात्र झकास दिसतोय," आप्पा म्हणाला.

"गप बस. परत टाक आकडा."

"सातव्यांदा टाकतोय. माझ्या गिऱ्हाइकाचं लगीन मोडंल आता, गुण जुळवायचे राह्यलेत."

शनिवार उजाडला. तात्या एक दिवस आधीच आले. म्हणाले, रविवारच्या गाडीचा भरवसा नाही. ओटीवर आबांशेजारी बसून राहिले. काही विचारत नव्हते, त्याचाच जास्त त्रास. मी मनात वाक्य जुळवत होते, 'तात्या, मला जमलं नाही'. चार शब्द. तोंडातून निघेनात. दहा वर्षं माणूस उन्हात बसून लिहितो, एकुलती एक वाचणारी मिळते, आणि मध्ये मी पाटी घेऊन उभी!

तेवढ्यात फोन वाजला. मीच जवळ होते, मीच उचलला. पलीकडून कुणीतरी विचारलं, "सखूबाई हायत का?" माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणाले, "इथं सखूबाई म्हणून कुणी राहत नाही," आणि ठेवून दिला.

आबा खुर्चीतून उठले. एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"न्हाय कशी? मागच्या आळीत हाय की सखू! अगं, त्यानं नंबर बरुबर लावला, फोन आपल्या दारात आला, आन तू म्हणतीस हितं कोण न्हाय? हाक कुणी मारायची? ती काय सपान पडून येणार हाय फोनवर?"

तात्याही मान हलवून म्हणाले, "व्हय की. आतल्या माणसाला कसं कळंल?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून तशीच उभी राहिले. समोर ओटीवरचं मशीन. आणि मधू, शपथ सांगते, मला त्या मशीनची दया आली. आठवडाभर इंदापूरहून आप्पा येऊन दार ठोठावत होता. बरोबर आकडा, बरोबर दार. ओटीवरचं मशीन दार उघडून बघत होतं आणि म्हणत होतं, 'इथं वेबसाइट म्हणून कुणी राहत नाही'. मागच्या खोलीत जाऊन हाक मारायची, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! मी, अकरा घरांचा पी.पी. सांभाळणाऱ्या घराची सून, आणि मला हे सुचू नये?

एक फोन सहा मशीनला वाटून देणारं जे सॉफ्टवेअर होतं, त्याच्यात शोधशोध केली. एका कोपऱ्यात होतं की. बाहेरून अमुक प्रकारची हाक आली तर ती आतल्या कुठल्या मशीनकडं न्यायची, त्याचा रिकामा रकाना. तिथं वेबसाइटच्या हाकेचा नंबर ऐंशी लिहिला आणि पुढं मागच्या खोलीतल्या मशीनचा आकडा. एवढंच काम होतं. आठवडाभर वायरी उपसत होते ती मी.

आप्पाला पाटीवरचा आकडा सांगितला. त्यानं तो टाकला. मग म्हणाला, "आक्का, कायतरी उतरतंय वरनं खाली. हळूहळू. वही हाय. 'पाणवठा' लिव्हलंय." आणि मग आवाज बदलून, "अगं खरंच की गं."

मी औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांसमोर उभी राहून रडले. दुकानदारानं न विचारता लिमलेटची गोळी दिली.

रविवारी दहा वाजता सगळी व्यवस्था अशी. ओटीवर आबा, फोनवर टॉवेल गुंडाळून त्यावर स्वतःचा हात, म्हणजे स्वतःलाच उचलता येऊ नये. तात्या रस्त्यापलीकडं औषधाच्या दुकानात, बंगलोर लावून. मी दारातून आकडा ओरडून सांगतेय, तात्या तो फोनमध्ये ओरडतायत, मध्ये ट्रॅक्टर गेला की परत पहिल्यापासून. चार आकडे पोचवायला दहा मिनिटं. मग मीही पळत पलीकडं गेले आणि तात्यांच्या कानाजवळ कान नेला.

बराच वेळ काहीच नाही. तेव्हा एक पान उतरायला चहा पिऊन व्हायचा. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला. त्या वाचत होत्या. सावकाश, एकेक अक्षर लावत, तात्यांच्याच शब्दांत.

"आज पानी न्हाय. लंगडी आली. चिखल हुंगून परत ग्येली. मला लाज वाटली."

तात्यांनी ते लिहिलं होतं, पण कधी ऐकलं नव्हतं. मुंडासं कानावरून जरा मागं सारलं, एवढंच.

बाईंनी पुढची पानं बघितली. मग विचारलं, "तात्या, ही लंगडी पुढं दिसत नाही वहीत. तिचं काय झालं?"

मी तात्यांना कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाले, "सांगा ना, पाणी भरल्यावर परत आली म्हणून." सोमवारी बैठक. एक गोड ओळ जास्त सांगितली तर कुणाचं काय जाणार होतं?

तात्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "ठावं न्हाय, बाई. त्या म्हयन्यात मी थोरलीच्या बाळंतपणाला पणदऱ्याला व्हतो. मी नव्हतो तितं. म्हणून न्हाय लिव्हलं."

मी मनात म्हटलं, संपलं.

मग बाई म्हणाल्या, "बाकीच्या वह्या कधी दाखवता?"

सुपं त्या वर्षीच्या यादीत आलं. उन्हाळ्यात दोन पाणवठ्यांवर टँकर आले आणि कुठं, कधी ओतायचं ते तात्यांच्या वहीवरून ठरलं. गावातलं 'तलाठी' हे नाव तसंच राहिलं, फक्त म्हणायची तऱ्हा बदलली. पुढं सगळ्या वह्या आत घातल्या. आमची वेबसाइट दर रविवारी दहा ते अकरा उघडी असे, कारण त्याच तासाला आबा फोन सोडायला तयार होते. रेशन दुकानाची वेळ तरी त्याहून मोठी असते.

आता माझी खरी चूक सांगते, हसण्यासारखी नसलेली. सगळं एकाच मशीनमध्ये होतं. दुसरीकडं कुठं ठेवलं नाही. का, तर परक्याच्या घरी आपली पेटी नको. तीन पावसाळ्यांनंतर वीज आली-गेली, आली-गेली, आणि मागच्या खोलीतलं मशीन कायमचं गेलं. फुंकर मारून बघितली. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं बाहेर एक प्रत ठेवली असती तर आज सगळ्या वह्या तू पुण्यात बसून वाचल्या असत्या. हे तात्यांना सांगायलाही मला दोन महिने लागले. ऐकून ते म्हणाले, "वह्या हायत की माझ्याकडं. तुमच्या मशीनचं वाईट वाटतं."

आहेत, पण शाई उडत चालली आहे. पहिल्या दोन तर उन्हात धरूनच वाचाव्या लागतात. तुझ्या त्या फोनमध्ये म्हणे असा कॅमेरा आहे की पानाचा फोटो काढला की क्षणात सगळीकडं प्रती. मग वाट कसली बघतेस? दिवाळी झाली की ये. शनिवारी रात्री इथं ये, कुळथाच्या पिठाचे शेंगुळे करते, सकाळी सुप्याला जाऊ. तात्या ऐंशीच्या पुढं आहेत, पाणवठ्यापर्यंत आता चालवत नाही, पण नातवाला पाठवतात आणि तो आल्यावर लिहून घेतात. येताना मिठाई वगैरे काही आणू नकोस, त्यांना चालत नाही. तिथं फोटो काढायच्या आधी एखादी वही नीट वाच आणि तिच्यातला एक प्रश्न तेवढा त्यांना विचार.